टरफल शाबूत ठेवून

पप्पा, परवा माल्ट भरडताना तुमची आठवण आली, म्हणून लिहायला बसले.

हे गेल्यानंतरचा तो पहिला नाताळ. दरवर्षी हे इकडे आखातात, खलिफा सिटीतल्या आमच्या घरी स्वतः बीअर करायचे आणि नाताळच्या दुपारी हॉटेलातले त्यांचे मित्र प्यायला यायचे. त्या वर्षीही सगळे यावेत, त्यांना यांचीच बीअर मिळावी, एवढंच माझ्या मनात होतं. यांच्या शेफ मित्राने सुट्टीवरून आणलेलं दहा किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, घरात पडून होतं. त्यातलं पाच किलो मी मिक्सरमधून काढलं, अगदी पीठ केलं. आइस बॉक्समध्ये गरम पाण्यात तासभर ठेवून तोटी उघडली, तर थेंब येईना. आत नुसती खळ. लेक डोकावून म्हणाली, "मम्मा, इट्स लाइक ग्लू." जेवढं गळलं त्यात पाणी वाढवलं आणि गोडी मोजायची काचेची नळी सोडली. बत्तीस. यांचं चाळीसच्या खाली कधी येत नसे.

तुम्ही वसईहून मला सोबत म्हणून आला होतात. मुंबईच्या ब्रुअरीत तुमचा जन्म धान्य भिजवण्यात गेला, पण जावयाच्या बीअरबद्दल तुम्ही कधी चकार शब्द काढला नव्हता. त्या दिवशी मात्र गाळ चिमटीत धरून म्हणालात, "बाय, दाणा फुटला पाहिजे, टरफल नाही. टरफल हीच तुझी चाळणी, आणि तू तिचंच पीठ केलंस."

मी रडले. माल्ट आता पाचच किलो उरलं होतं. अजून दिसतं मला, तुम्ही फरशीवर चादर अंथरून बसला आहात, मूठ मूठ माल्ट पसरून वरून लाटणं फिरवता आहात. दोन दिवस तेच. मग गाळताना मी वरून पाणी भसकन ओतायला जाते आणि तुम्ही माझं मनगट धरता. घाई केलीस तर पाणी आपली वाट काढून निघून जाईल, गोडी धान्यातच राहील, असं म्हणता. वाटीवाटीने पाणी घालत आपण तासभर बसतो. नळी अठ्ठेचाळीस दाखवते. तुम्ही ती पुसून ठेवता आणि यीस्ट घालून मुरवण्याआधी रस उकळायला चढवता.

नाताळला शेफने घोट घेतला आणि म्हणाला, "भाभी, सेम टू सेम. बिलकुल उसके हाथ की." मग एकेकाला यांचे किस्से आठवायला लागले. मी म्हटलं, हो, त्यांचीच रीत. तुम्हीही मान डोलावलीत.

पुढे मी या विषयावरची पुस्तकं मागवून, अडखळत का होईना, वाचली. धान्यातली जास्तीत जास्त गोडी पाण्यात उतरवणं, जे तुम्ही हाताने शिकवलंत, त्याला तिथे एफिशियन्सी म्हणतात. आता एकटी करते, बरी होते. यांचं नसणं आहे तिथेच आहे, पण त्याने हात अडत नाहीत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतं. ती बीअर यांच्यापेक्षा चांगली झाली होती, पप्पा. पहिल्याच घोटाला मला कळलं आणि आनंद झाला. त्या आनंदाची इतकी लाज वाटली की तुम्हाला विमानतळावर सोडतानासुद्धा मी त्या बीअरचा विषय काढला नाही.