नव्या गाडीचं पहिलं तेल

नाना, मी गाडी घेतली. पांढरी, छोटी, नवी कोरी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की या शहराचं नावसुद्धा बदललंय, आणि तुमची मुलगी शाळेतून रिटायर होऊन सिडकोतल्या घरासमोर स्वतःची गाडी उभी करते. पेढे वाटून झाले, चाकाखाली लिंबं ठेवून झाली, बॉनेटवर स्वस्तिक काढून झालं. पण हे सांगायला मी लिहायला बसलेले नाही. मला एक गोष्ट विचारायची आहे, आणि जिवंत माणसांत तिचं खरं उत्तर देईल असं मला कुणी दिसत नाही. नव्या गाडीचं पहिलं तेल कधी काढायचं?

गाडीसोबत एक जाड पुस्तक आलंय. त्यात लिहिलंय की हजार किलोमीटर झाले की गाडी नुसती दाखवायला आणा, इंजिनाचं तेल बदलायचं ते दहा हजाराला किंवा वर्षानं. ते पान मी तीनदा वाचलं. शोरूममध्ये जाऊन विचारलं. तिथला टाय लावलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, पहिल्या सर्व्हिसला ऑइल चेंज नसतंच. कंपनीच नको म्हणते." मी म्हटलं, कंपनीला माझ्या इंजिनाची एवढी काळजी आहे का? वॉरंटी संपल्यावर इंजिन बसलं तर नवी गाडी कोण विकणार? तो गोड हसला. म्हणाला, "तुम्हाला हवंच असेल तर करून देऊ, त्याचं बिल वेगळं होईल." आता तुम्हीच बघा. बदलू नका म्हणाला तेव्हा वाटलं, याला माझं इंजिन लवकर मारायचंय. बदलून देतो म्हणाला तेव्हा वाटलं, याला तेल खपवायचंय. दोन्ही वेळा तो तसाच हसला. पाणी कुठंतरी मुरतंय, एवढं मनाशी पक्कं करून मी घरी आले.

ही खोड माझी नाही, तुमची आहे. वैजापूरच्या मार्केट यार्डात तुम्ही कापसाच्या व्यापाऱ्याकडं माल बघायला होतात. सुट्टीत मी तुमच्या मागं मागं असायचे. अजून दिसतं मला. बैलगाड्यांची रांग लागलीय, तुम्ही बाही वर सारता, उजवा हात खांद्यापर्यंत कापसात घालता, डोळे मिटता आणि आतून मूठभर कापूस ओढून काढता. ओला लागला म्हणजे वजन वाढवायला पाणी मारलेलं. कधी आत माती निघायची, एकदा तर चांगला पाट्याएवढा दगड निघाला होता. गाडीवाला गयावया करत असतो, "देवाशप्पत नाना, घरून निघालो तवा कोरडा व्हता." तुम्ही त्याच्याकडं बघतसुद्धा नाही. मला म्हणता, "ध्यानात ठिव बाई, वरचा कापूस समद्यांचाच पांढरा असतो."

आणि मग ती जीप. मालकानं नवी घेतली आणि तुमच्या ताब्यात दिली. हजार झाले तशी तुम्ही ती यार्डातल्या कडुलिंबाखाली लावलीत आणि खाली झोपून तिचं तेल घमेल्यात काढलंत. मालक ओरडत होता, कंपनीनं सांगितलंय त्याच्या आधी कशाला काढतो म्हणून. तुम्ही घमेलं उन्हात ओढता, बोट बुडवता, अंगठ्यावर चोळता आणि मला जवळ बोलावता. काजळात चमकी सांडावी तसं तुमचं बोट चमकत असतं. "लोखंडाचा कीस हाय ह्यो. नवं इंजन आधी सोताला खातं. नवं हाय म्हनून भरवसा ठिवला की मेलो. पुस्तक ल्हिणारा गाडी इकतो, चालवत नाय." सगळ्या जगाला जे कळत नाही ते माझ्या नानाला कळतं, असं वाटून मी तेव्हा फुलून गेले होते.

पण तोच हात तुम्ही घरीही घेऊन यायचात. दळण आलं की तो पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत जायचा, गिरणीवाल्यानं गहू बदलला तर नाही हे बघायला. आई पोळ्या लाटता लाटता निमूट बाजूला सरकायची. एकदा मात्र ती म्हणाली, "घाला, चांगला खांद्यापस्तोर घाला. तळाला म्या सोन्याची इट लपवलीय." मी खो खो हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही खरंच तळापर्यंत चाचपून पाहिलंत. सातवीत मी पहिली आले तेव्हा तुम्ही काय विचारलंत, आठवतंय? "पेपर कुणी तपासला?" दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तुम्ही गुरुजींसमोर माझ्या पेपरांची बेरीज परत केलीत आणि घरी येऊन म्हणालात, "बराबर हाय." तेवढ्यावर मी खुश व्हायचं होतं. मला तुमचा भयंकर राग आला होता, नाना. आता लिहितानाही येतोय. आणि तरी पुढं मी स्वतः शिक्षिका झाले तेव्हा परीक्षेच्या वर्गात पोरं एकमेकांना सांगायची, "गप बस, बाईच्या पाठीलाबी डोळे हायेत." मला त्याचा अभिमान वाटायचा.

आता घरात मी, मुलगा आणि सून. लग्नाला वर्ष होईल. सून वाळूजला इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे, तीही तपासणी विभागात, म्हणजे शंका काढण्याचाच पगार घेते. तिला तेलाचं विचारलं तर म्हणाली, "आई, आता फिनिशिंग लई चांगलं असतं. पहिल्यासारखा कीस पडत नाय, अन् पडला तरी फिल्टर धरतो. दहा हजारापर्यंत निवांत ऱ्हा." मला कुणी निवांत राहा म्हटलं की माझी झोप उडते. मनात म्हटलं, कंपनीचं माणूस कंपनीचीच री ओढणार.

गाडी तीच जास्त वापरते. ती आली, किल्ली खुंटीला लावली, की मी गाडी पुसायच्या निमित्तानं जाते आणि किल्ली फिरवून किलोमीटरचा आकडा बघते. सुरुवातीला खरंच तेलासाठी बघत होते, हजार कधी होतात म्हणून. पण आकडा फार भराभर वाढायला लागला. वाळूजला जाऊन यायला जेवढा लागतो त्याहून दर वेळी जास्त. विचारलं तर म्हणाली, "हर्सूलकडून आले, इकडचा रस्ता खोदलाय." वाळूजहून सिडकोला यायला हर्सूल! म्हणजे नाक धरायचं तर हात डोक्यामागून न्यायचा. मी मनात सुतावरून स्वर्ग गाठला. तिचा जेवणाचा डबा मी आधीपासूनच बघत होते, भाजी खाल्लीय की टाकून दिलीय ते. आता तिच्या फोनवरच्या बोलण्याकडंही कान लागायला लागले. मुलाला काही बोलले नाही. तो बायकोच्या बाजूनं बोलेल, मग त्याच्यावरही लक्ष ठेवावं लागेल.

हजार झाले त्या आठवड्यात एक दिवस ती कंपनीच्या बसनं गेली. मी गाडी काढली आणि मुकुंदवाडीला एका गॅरेजवर नेली. तेलाचा सीलबंद डबा स्वतः विकत घेऊन गेले होते आणि स्टूल मागून गाडीच्या तोंडाशीच बसले. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादांनी पट्टी ओढून तेल पाहिलं आणि म्हणाले, "क्यों निकाल रै बाई? एकदम अच्छा तेल है. नक्को निकालो." हातात आलेलं काम कुणी नको म्हणतं का? मला त्यांचाच संशय आला. म्हटलं, निकालो, और घमेले में निकालो. त्यांनी वर आभाळाकडं पाहिलं, पण काढलं. मी घमेलं उन्हात ओढलं, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. चमकल्यासारखं वाटलं. म्हटलं, ये देखो, चमक रहा है. "वो धूप है बाई," उस्ताद म्हणाले. मी चष्मा पुसून परत पाहिलं. होतं, नाना, काहीतरी होतं. मला इतका आनंद झाला की रस्त्यातच टाळी वाजवावीशी वाटली. तुम्ही बरोबर होतात. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडं तेल भरून घेतलं आणि घरी आणलं.

संध्याकाळी मुलगा आणि सून दोघं आल्यावर मी ती बाटली स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली. मुलानं कपाळाला हात लावला. सुनेनं हात धुतले, बाटली ट्यूबलाइटसमोर धरली, तिरकी केली, बराच वेळ पाहिली.

"हाय. बारीक कीस हाय. एवढा असतोच."

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"चूक नव्हतं, आई. गरज नव्हती, एवढंच."

इथं मी थांबायला हवं होतं. उलट मला चेव आला. म्हटलं, मग हजार एवढ्या लवकर कसे झाले तेही सांगून टाक. रस्ता खोदलाय म्हणालीस, मी परवा रिक्षानं जाऊन बघून आले, रस्ता चांगला आहे. मुलगा म्हणाला, "आई, पुरे." तिनं त्याला हातानं थांबवलं.

"व्हय, रस्ता खोदलेला नव्हता. मी खोटं बोलले. घरी यायच्या आधी मी हर्सूलच्या तलावापाशी गाडी लावून बसते. अर्धा घंटा. कधी जास्त."

"कुणासोबत?"

माझ्या तोंडून ते निघून गेलं. तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"एकटी. दिवसभर मी दुसऱ्याचं काम तपासते. घरी आले की माझं तपासतात. मधी अर्धा घंटा कुणी कुणाला तपासत नाय, म्हणून तिथं बसते." मग ओटा पुसत पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "वाळूजकडं आम्ही फ्लॅट बघितलाय. हे म्हणत होते, आईला कंपनी लांब पडते असं सांगू. मला तसं सांगायचं नव्हतं, कारण ते खरं नाय. मी अजून हो म्हटलेलं नाय."

सवयीप्रमाणे मी तिचं बोलणं सगळीकडून चाचपून पाहिलं, नाना. त्या रात्रीही पाहिलं, दुसऱ्या दिवशीही पाहिलं. कुठंच ओलं लागलं नाही. उलट माझंच मला दिसायला लागलं. वर्षभरात मी या मुलीला तू कशी आहेस असं एकदाही विचारलेलं नाही. कुठं होतीस, कधी निघालीस, का उशीर झाला, एवढंच विचारलंय. माझा मुलगा, माझ्या पोटचा, मला काय सांगायचं ते आधी बायकोशी ठरवतो. त्याला खोटं बोलायला मीच शिकवलं म्हणायचं, दुसरं काय.

तुमच्या दहाव्याला यार्डातली माणसं आली होती. त्यांत एक म्हातारा शेतकरी होता, उन्हातान्हातून सायकलवर आलेला. तो मला म्हणाला होता, "नानानं माझा माल कधीच परत धाडला नाय, बाई. पण तेवढ्या वर्सांत माझ्यासंगं कधी च्याबी पेला नाय." तेव्हा मला वाटलं होतं, केवढा करडा माणूस होता माझा बाप. आता वाटतं, त्या म्हाताऱ्याचा कापूस दर साली कोरडा निघत होता, हे तुम्हाला कळत होतं ना? मग पुढच्या साली परत हात का घालायचात? व्यापाऱ्याचा पगार खाताय म्हणून घालायचात हे समजू शकते मी. पण चहा प्यायला कुणाची परवानगी लागत होती? आणि आईच्या पिठात काय शोधत होतात तुम्ही? कधीतरी एकदा तरी तुम्हाला वाटलं का, की राहू दे, ही माझी माणसं आहेत?

तेलाचं म्हणाल तर पुढचं दहा हजाराला बदलायचं, पुस्तकात लिहिलंय तसं. सून म्हणाली, त्या वेळी ती स्वतः सोबत येईल. मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं. पण दहा हजार होतील तेव्हा ती या घरातून येईल की वाळूजच्या फ्लॅटमधून, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

हे सगळं खरं तर तिला सांगायला हवं. दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आले. पण तिला सांगितलं तर ती काहीतरी उत्तर देईल, आणि त्या उत्तरात काय दडलंय ते मी शोधत बसेन. स्वतःला मी ओळखून आहे. तुम्ही उत्तर देणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

आज गाडी ती घेऊन गेलीय. यायची वेळ टळून गेली, दिवे लागले. आता मी गॅलरीत जाऊन रस्ता बघत नाही, असं मी तुम्हाला लिहिणार होते. पण हे लिहिता लिहिता दोनदा उठून बघून आले. ती कुठं बसली असेल ते मला ठाऊक आहे, तिच्यासोबत कुणी नसेल हेही ठाऊक आहे. ती तिथून उठून घरी येईल ना, एवढीच मला भीती वाटतेय.