दिवसा लावलेली कडी

बाबा, आपल्या डिलाईल रोडच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. दार सताड उघडं आणि पडदा सोडलेला, एवढाच काय तो आडोसा. मिलचा संप लांबत चालला तेव्हा तुम्ही पहाटे डबा घेऊन बाहेर पडायला लागलात. जात होतात कॉटन ग्रीनच्या गोदामात ओझी उचलायला, पण साच्यावरच्या विणकराने हमाली करतो म्हणून सांगायचं कुठल्या तोंडाने? चाळीने आपलं ठरवून टाकलं, हा संप मोडून मिलमध्ये जातो. एका दुपारी तुमच्याच खात्यातली माणसं त्या उघड्या दारातून आत आली. आपण जेवत होतो. तुम्हाला भरल्या पानावरून ओढून गॅलरीत नेलं आणि मारलं. मी घास तोंडात धरून तशीच बसून राहिले.

त्यानंतर तुम्ही दिवसा कडी लावायला लागलात. जिन्यावर पाय वाजले की उठून ती चाचपून बघायचात. शेजारची काकी बाहेरून विचारायची, "दिवसाढवळ्या दार कित्याक लावतास ओ?" लोकांचा संशय त्या कडीने उलट पक्काच झाला. आईने मीठमिरच्या ओवाळून टाकल्या, गावच्या देवीला गाऱ्हाणं घातलं. नाक्यावरच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, त्या तुम्ही गेलात तोवर चालू होत्या. त्या गोळ्यांचा मला अजून राग येतो. डॉक्टरांचा नाही, ते बिचारे अख्ख्या चाळीला त्याच देत होते.

आता मी परळच्या एका दवाखान्यात बसते. झोप नाही, छातीत धडधडतं म्हणून जे येतात त्यांना चार गोष्टी विचारायचं माझं काम. मनात घर करून बसलेलं असं काही घडलंय का, ते पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतं का, दचकता का, एखादी जागा टाळता का. मिलमधली म्हातारी माणसं हे ऐकून हसतात. परवा एक आजोबा म्हणाले, "संप? तो काय माझ्या एकट्याचा होता काय, बाय? सगळ्यांचाच होता." जे सगळ्यांनाच झालं त्याला दुखणं कसं म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. मी उरलेले प्रश्न गाळले.

आमच्या नव्या डॉक्टरबाई, वयाने माझ्या सुनेएवढ्या, शेजारी बसून बघत होत्या. आजोबा गेल्यावर त्यांनी तेच प्रश्न मला केले. मी सगळ्याच प्रश्नांना नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "ताई, तुमची खुर्ची कायम दाराकडे तोंड करून असते. सोमवारी माझ्याकडे पेशंट म्हणून याल?"

मी हो म्हणाले. घरात मला जन्मभर भित्री भागूबाई म्हणत आले, त्याचं मला काही वाटलं नाही. पण माझ्या या भीतीला दुखण्याचं नाव असेल, तर तुमच्या कडीलाही ते होतं. आणि आम्ही तुम्हाला खुळावले म्हणून सोडून दिलं. सोमवारी पेशंटच्या स्टुलावर बसून हे ऐकायचं आहे. जाईन की नाही, आज तरी सांगता येत नाही.

हे पत्र कुठे धाडायचं नाही. मी अजून चाळीतल्या आपल्याच खोलीत राहते. आत्ता मोरीपाशी भांडी घासता घासता सून विचारते आहे, "आई, भर दुपारचं दार का लावलंत?" वारा फार येतोय म्हणून सांगितलं. पडदासुद्धा हलत नाहीये, बाबा.