आई फार हसली तर

प्रिय डॉक्टरसाहेब,

मनाच्या चढउतारांचा तू प्राध्यापक. जाताना बजावलं होतंस, "बाबा, आई रडली तर सांभाळून घ्या, पण फार हसायला लागली तर लगेच मला फोन करा."

ती आठवडाभर हसतेय रे. झोपत नाही, पहाटेच भिंती रंगवायला घेते. "म्हातारोबा, ब्रश धरा, नुसते शोभेला उभे राहू नका," म्हणते. किती वर्षांनी माझी थट्टा केली तिने. मला लोभ सुटला. तू विचारलंस तेव्हा 'सगळं ठीक' म्हणून मोकळा झालो.

आज ती ब्रश घेऊन गच्चीच्या कठड्यावर चढली. मी कमरेला धरून तिला खाली उतरवलं. ती हसतच होती.

पत्र राहू दे, फोनच करतो. तुझ्या औषधाने ती पुन्हा गप्प होईल, ठाऊक आहे. तरी ये.

तुझा लबाड बाप