पाणकावळ्याच्या मागे

पिपरी मेघे, वर्धा
१४ डिसेंबर २००७

चि. सौ. रुचिका हिस,
कोकिळाआत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. थंडीनं तुझ्या बाबांचे गुडघे धरले आहेत, तरी दुकान सोडवत नाही. वहिनीनं परवा तुरीच्या सोल्यांची भाजी केली. तुला आवडते म्हणून करते, मग ताटावर बसल्यावर कोणी दुसऱ्यांदा घेत नाही. मागच्या प्लॉटवर नवीन घर उठलं. आता माझ्या खिडकीतून सूर्य अर्धा तास उशिरा दिसतो.

तुझी मैत्रीण सपना शिक्षणसेवक म्हणून अचलपूरला लागली. ती तुझ्या परतवाड्यातच खोली करणार आहे. हे पत्र ती तुझ्या हातात देईल. पोस्टानं पाठवलं असतं तर आधी तुझ्या सासूबाईंनी वाचलं असतं. मागच्या दोन पत्रांना तुझी उत्तरं आली, अक्षर तुझंच होतं, पण ती तू लिहिली नव्हतीस, तुझ्याकडून लिहवून घेतली होती. म्हणून या वेळी असं.

दिवाळीत दोन दिवस आलीस. माझ्या खोलीकडे फिरकली नाहीस. जाताना वाकून नमस्कार केलास, तोही सगळ्यांसमोर म्हणून. मी रागावले नाही. मला हक्कच नाही.

मी फोटो काढणं सोडलं, असं या पत्रात लिहायचं ठरवलं होतं. पण ते खोटं झालं असतं. मी अजून काढते, रोज काढते. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा तूच मला नागपूरला सीताबर्डीत नेऊन कॅमेरा निवडून दिलास. "आत्या, रोल नाई, धुणं नाई, बिघडला तर पुसायचा," म्हणालीस. एकतीस वर्षं पोरांच्या चित्रकलेच्या वह्या तपासणाऱ्या बाईला पुसता येणारा फोटो म्हणजे केवढं सुख! जास्वंदीचं एकच झाड सकाळी सातला रोज काढायचं, ही कल्पना तुझी. शाळेतलं जुनं भिंग कॅमेऱ्यापुढे धरून मुंगी काढायची, ही माझी. ट्यूबलाइटखाली चेहरे हिरवट येतात ते कसं घालवायचं, हे तू तुझी प्रॅक्टिकलची वही बाजूला ठेवून शिकवलंस. पिवळी वायर टीव्हीला लावून फोटो सगळ्यांना दाखवायचे, आणि बटण दाबून मोठे करायचे, हेही.

आता लिहिते. इतके दिवस टाळलं.

२१ जानेवारीचा रविवार. मी आणि आमच्या शाळेच्या कौशल्याबाई पहिल्या बसनं हिंगणीला उतरून बोर धरणावर गेलो होतो. तू घरी सांगितलं होतंस की कॉलेजचं शिबिर आहे, सेवाग्रामला. पाण्यात एका वाळक्या खोडावर पाणकावळा पंख पसरून बसला होता. मी त्याचे वीस-बावीस फोटो काढले. मला फक्त तोच दिसत होता, देवाशपथ. मागे भिंतीवर कोण बसलंय, हे डोळ्यानं पाहिलंच नाही. कॅमेऱ्यानं पाहिलं.

संध्याकाळी मी वायर लावून बसले. तुझे बाबा, वहिनी, आणि वहिनीचे भाऊ सदाशिवराव आले होते ते. तू आत पोहे करत होतीस. पाणकावळा आला तसे सदाशिवराव म्हणाले, "मांगं कोन बसून राह्यलं ते?"

बाबा म्हणाले, "मोठं होते ना ते? कर बरं."

मी बटण दाबलं. मोटरसायकल दिसली. पिवळी ओढणी दिसली. ती तुला मीच घेऊन दिली होती.

घरात सगळे म्हणतात, त्या फोटोनं घात केला. मीही म्हणत आले. वहिनीला, कौशल्याबाईंना, स्वतःला. पण रुचिका, त्या वेळी चेहरा दिसत नव्हता. बाकी तिघांना काही कळलं नव्हतं. मला कळलं होतं. "असतील कोणी फिरायला आलेले" म्हणून पुढचा फोटो लावता आला असता. माझं बोट बटणावर होतं आणि मी परत तेच बटण दाबलं. आणखी मोठं केलं.

का केलं, याचा अकरा महिने विचार करते आहे. कधी वाटतं, एवढ्या लांबचं इतकं स्वच्छ आलं याची फुशारकी होती. पण तेवढंच नव्हतं. तू मला सगळं सांगायचीस. कोणत्या सरांचा पेपर सोपा, कोणाचं कोणाशी बिनसलं, वहिनीवर रुसलीस तरी आधी माझ्याकडे यायचीस. आणि हे सांगितलं नाहीस. त्या एका क्षणात मला राग आला, दुसरं काही नाही. शिबिर म्हणून मलाही फसवलंस, याचा राग. एखाद्या पोरीनं वही लपवली की बाई जशी ओढून घेतात, तसं.

"आपली रुचिका व्हय काय?" वहिनी म्हणाली. तेव्हाच तू पोह्यांचा ट्रे घेऊन दारात आलीस. तू टीव्हीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. बाबांकडे नाही पाहिलंस. माझ्याकडे.

पोरगा कोण, कुठला, कोणाच्या घरचा, हे सदाशिवरावांनी तुझ्याकडून काढून घेतलं. "आपल्यातला नाई," एवढं ऐकल्यावर बाबांनी पुढचं विचारलंच नाही. मला म्हणाले, "पुसून टाक ते." आवाजही चढवला नाही. मी पुसलं. कॅमेरा विचारतो, नक्की पुसायचं का. मी हो केलं.

मग सहा आठवड्यांत काय झालं ते तुला मी काय सांगू.

एक मात्र सांगायचं राहिलं आहे. लग्नाची तारीख निघाली त्या दुपारी तू माझ्या खोलीत आलीस. रडली नाहीस. म्हणालीस, "आत्या, लगन करतो म्हणा मी. फक्त मले पेपर देऊ द्या, मंग करा. तू सांग ना बाबाले. तुझं ऐकतीन ते." मी संध्याकाळी येऊन सांगितलं की बोलले, पण ऐकत नाहीत.

मी बोललेच नव्हते. ते जेवत होते. मी जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय व्हय?" आणि मी विचारलं, "मीठ देऊ का?" त्यांनी नको म्हटलं, मी परत आले. बाई, एकतीस वर्षं मी साठ-साठ पोरांच्या वर्गाला गप्प केलं. पण भावाच्या घरात राहणाऱ्या बहिणीला कुठं थांबायचं ते कोणी शिकवावं लागत नाही. हे कारण म्हणून लिहीत नाही. झालं तसं लिहिते.

तुझी मार्कशीट यायच्या ऐवजी तुझ्या लग्नाची अक्षत आली. त्या दिवशी फोटोग्राफर बाहेरून बोलावला होता.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते. लिहावं की नाही, सपनाला तीनदा विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच ठरवा.

गेल्या महिन्याच्या शेवटी मी सकाळी बोरगावच्या रस्त्यावर दंव काढत होते. एक मुलगा मोटरसायकल बंद करून आला. "आत्याबाई, वळखलं का? मी योगेंद्र."

मी ओळखलं नव्हतं. मी त्याला फक्त टीव्हीवर पाहिलं होतं.

म्हणाला, पुण्याला नोकरी लागली, जानेवारीत जाणार. मग म्हणाला, "आमचा दोघाईचा एकबी फोटो नाई. तिनं कधी काढूच देल्ला नाई, घरी कोनाले सापडीन म्हने. तो धरणावरचा तुमच्यापाशी होता म्हनते, तेवढाच. मले देता काय?"

मी म्हटलं, "पुसला रे. त्याच दिवशी."

"कार्डातून पुसलेला वापस निघते म्हनते. कार्ड हाय ना तेच?"

कार्ड तेच होतं. मी तिथंच काढून त्याच्या हातावर ठेवलं. खरं सांगते, त्या आठ-दहा दिवसांत मला वाटायला लागलं होतं की निघेल. निघाला तर मी काय काय करीन, हेही ठरवलं होतं. एक त्याला देईन, एक सपनाजवळ ठेवीन. म्हातारपणी माणूस असली हिशेबाबाहेरची आशा करतो.

तो परवाच्या रविवारी आला. नागपूरच्या दुकानात नेलं होतं. दुकानदारानं संपूर्ण दिवस लावला. म्हणाला, "दोनेकशे निंघाले. जास्वंदी, मुंग्या, तुरीचे पानं. तो नाई निंघाला. वरून दुसरे फोटो काढले की जुन्याची जागा जाते म्हने."

म्हणजे मी पुसला, ते एकदाच. पण नंतर रोज सकाळी सातला त्याच जागेवर दुसरं काहीतरी काढत राहिले. त्या दिवसानंतर कॅमेऱ्याला हात लावला नसता तर तो आज त्याच्याजवळ असता.

मी त्याला म्हटलं, "चूक माझी आहे." तो म्हणाला, "तुमची कायची आत्याबाई." बटण कोणी दाबलं हे त्याला माहीत नव्हतं. मी तेही सांगू शकले नाही. त्यानं कार्ड परत दिलं, स्वच्छ कागदात गुंडाळून.

गाडीवर बसल्यावर त्यानं विचारलं, "ते बरी हाय ना?"

मी म्हटलं, "हो, मजेत आहे."

तो मान हलवून गेला. तेवढ्यावर तो पुण्याला जाईल.

रुचिका, माफी मागत नाही. मागून तुझ्यावर आणखी एक ओझं कशाला टाकू? बाबांशी बोलेन, परीक्षेचा फॉर्म आणेन, तुला घेऊन येईन, असं काही वचनही देत नाही. माझ्या हातात काय आहे ते तुला ठाऊक आहे. एकच विचारते. मी त्या मुलाला जे सांगितलं ते खरं होतं की खोटं, एवढं सपनाजवळ सांग. खोटं असलं तरी सांग. मला कळायला हवं.

तुझी,
कोकिळाआत्या