आबांच्या वऱ्हाडी गाड्या

आबा,

सकाळी सव्वासहाला हिवरखेडहून फोन आला. तिकडे गारपीट झाली आहे. बातमीसाठी मी निघाले. उद्या संध्याकाळच्या आत परतणं जमणार नाही.

बोलणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांच्या सिनेमाचा दुसरा भाग उद्या तीनला लागतो आहे. गार्गीला तुम्ही न्याल का? दोन तिकिटं घड्याळामागे ठेवली आहेत.

पहिल्या भागाची सीडी इंग्रजी निघाली, तेव्हा तिच्याशेजारी बसून सगळ्या गाड्यांचं बोलणं तुम्हीच केलंत. ‘काहून थांबला बे? डिझेल पेऊन राहिला का?’ ट्रॅक्टर विकल्यावर चार महिन्यांनी पहिल्यांदाच घरात तुमचा आवाज आला होता. मी गॅस बंद करून स्वयंपाकघरातून ऐकत होते. तेव्हा सून म्हणून तसं बोलायला संकोचले. त्या दिवसाबद्दल आज मनापासून आभार मानते.

गार्गीला वाटतं, त्या गाड्या आजोबांसारखं वऱ्हाडीच बोलतात. तिनं अख्ख्या वर्गाला तसं सांगितलं आहे.

सिनेमा कोणत्या भाषेत आहे, ते काल टॉकीजच्या मॅनेजरला विचारलं. ते म्हणाले, “सिनेमाच्या रिळांची पेटी अजून अमरावतीलेच आहे, ताई. हिंदी आहे का इंग्रजी, ते आल्यावर समजते.”

आकांक्षा