तयारी करू नका

१२ नोव्हेंबर, बुधवार. शिरूर

पुण्याच्या हॉस्पिटलातून फोन. तपासणी २० तारखेला, तीन-चार तास. सुई नाही, मशीन नाही. एक मॅडम समोर बसून शब्द लक्षात ठेवायला लावतात, आकृत्या काढायला लावतात. फोनवरची मुलगी म्हणाली, चष्मा आणा, नीट झोपून या, खाऊन या, गोळ्या नेहमीच्याच. सोबत घरचं माणूस हवं, तुम्हाला आधीपासून ओळखणारं. आणि तयारी करू नका.

"काहीच वाचायचं नाही?"

"पास-नापास नसतं ताई यात."

भीती वाटायला हवी होती. फोन ठेवला, कपडे वाळत घातले.

१३ नोव्हेंबर

कुरकुंभच्या कंपनीचं म्हणणं, रिपोर्ट आल्यावरच लॅबमध्ये घेऊ. बरोबर आहे त्यांचं. स्कूटीवरून पडून डोक्याला मार लागल्यानंतर दोन दिवस कामावर गेले होते. वजनकाट्यावरचा आकडा वाचला, लिहायला वळले, आकडा गेला. आठवला तसा लिहिला आणि सही केली. शेजारच्या मुलीने पाहिलं म्हणून कळलं. औषध आहे ते, लोकांच्या पोटात जातं.

मी इथे आत्याकडे, आईचा दौंडहून रोजचा फोन. कधी जॉइन होणार. सांगते, बघू.

१६ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर चर्चमधले सॅम्युएलमामा चहाला आले. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा त्यांची तपासणी याच मॅडमनी केली होती. आत्याने विचारलं, काय काय विचारतात तेवढं सांगा. मामांनी डोळे मिटून शब्दांची अख्खी यादी म्हटली.

"मामा, सगळे आठवतात?"

"आता आठवत्यात. तवा निम्मंबी न्हाई आलं. घरी आलो आन् एकेक आठवाया लागला. आता जायचं नाव न्हाई."

आत्या खूप हसली. विनोद होता हे मला कळलं.

यादी ऐकायला नको होती, आत जायला हवं होतं. हातात बशी घेऊन उभी राहिले.

ते गेल्यावर आत्या म्हणाली, "म्हण." तिसरीपर्यंत मी शाळेत गेले नाही, आत्याच घरी शिकवायची. वाचता यायच्या आधी स्तोत्रं पाठ. कुठल्या परीक्षेला तिने मला कोरं पाठवलं नाही. ती म्हण म्हणाली की म्हटलं जातं. म्हटले. अडले तिथे तिने सांगितलं; पाचव्या खेपेला सगळे, क्रमाने.

"बघ. काय झालेलं न्हाई तुला."

१८ नोव्हेंबर

ते शब्द विसरायचा प्रयत्न. दात घासताना येतात, केस विंचरताना येतात. दूध आजही उतू गेलं, समोर उभी असून कळलं नाही. शब्द मात्र...

२० नोव्हेंबर, गुरुवार

मॅडम माझ्याच वयाच्या असतील. कुठली भाषा सोपी जाईल ते विचारलं. दमलात तर सांगा, थांबू. काही प्रश्न अवघडच असतात, सगळे कुणालाच येत नाहीत. मग यादी सुरू केली. पहिला शब्द 'कुदळ'. मी वर्गात करावा तसा हात वर केला.

"मॅडम, हे मला येतात."

कसे येतात ते सांगितलं, मामांचं नाव सोडून. त्या रागावल्या नाहीत. "बरं झालं बोललात. नाहीतर मी लिहून मोकळी झाले असते, स्मरण उत्तम."

दुसरी यादी काढली. ती इथे लिहीत नाही. फार शब्द आले नाहीत. मध्ये एकदा थांबायला सांगितलं, त्या थांबल्या.

नंतर सोबत आलेल्या आत्याला एकटीला आत बोलावलं, घरी मी कशी असते ते विचारायला. येताना एसटीत मी विचारलं, काय सांगितलंस?

"हाय तशी. पहिल्यासारखीच हाय, म्हटलं."

"दूध?"

"दूध कुणाचं उतू जात न्हाई?"

"आणि लॅबमधलं? सही केली ते?"

"तू आत काय बोललीस ते मी विचारलं का?" खिडकीकडे तोंड करून बसली. रांजणगाव गेल्यावर म्हणाली, "आपल्या तोंडानं आपल्या पोरीला नापास कोण करतं?"

२२ नोव्हेंबर

काही राहिलं असेल तर कळवा, असं मॅडम म्हणाल्या होत्या. आत्याचं खरं धरलं तर रिपोर्ट बरा येईल, परत काट्यासमोर बसेन. खोटं ठरवलं तर ती खोटी. जेवायला बसलो. वांगं चांगलं झालं असावं. तिने दोनदा वाढलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मीच फोन लावला. मॅडमना म्हटलं, माझ्या आत्याशी परत एकदा बोलाल का? कशाबद्दल ते सांगितलं नाही. फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"मी काही बोललेले नाही. काय ते तूच सांग."

आत्याने हात पुसले. माझ्याकडे पाहिलं, लहानपणी उत्तर चुकलं की पाहायची तसं. मग फोन कानाला लावून अंगणात गेली.

"सलाम मॅडम. तिला अक्षर मीच शिकवलंय," एवढं ऐकू आलं. मग तिने दार ओढून घेतलं.

मी दाराशी गेले नाही.