दुसऱ्या भागाचं वचन

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज बसमध्ये खराडी येईपर्यंत चारच पानं झाली. मुद्दाम कमी वाचतो की काय मी?

सुनीताच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नव्हता. गौरीचं लग्न नीट करीन, तुझ्या आईला सांभाळीन, सगळं बोलून झालं. मग मेहुणी म्हणाली, "भाऊजी, त्या पुस्तकाचं म्हणा." पहिला भाग सुनीताने पाच वेळा वाचला होता. शापित गढी, सावली नसलेला सरदार, त्याच्यावर जीव टाकणारी यमुना. मी हळूच म्हणालो, "दुसरा भाग आला की मी वाचीन." कावळा लगेच आला.

आता वाचतोय, तर यमुना सरदाराला ओळखतच नाही. तो रोज तिच्या दाराशी येऊन उभा राहतो. हे सुनीताला चाललं असतं? पुढे तो मेला तर?

गौरी म्हणाली, "बाबा, शेवटचं पान बघून टाका ना. आई तेच करायची."

नाही बघितलं. राहू दे त्याला दाराशी उभा. पुस्तक संपलं की सुनीतासाठी करायचं काही उरत नाही.

"याचा तिसरा भाग येणार आहे का गं?" मी विचारलं.

गौरीने फोनवर शोधलं. उत्तर मिळालं असावं, तरी बराच वेळ नुसती शोधत राहिली.